बसवणारं खातं वेगळं, चालवणारं वेगळं: शेअरपॉइंट बसवताना कोणाला किती परवानगी द्यायची

शेअरपॉइंट सर्व्हर (कंपनीच्या अंतर्गत साइट आणि कागदपत्रं सांभाळणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) बसवायला घेतला की पहिल्या तासाभरात परवानगीची एक तरी चूक पडद्यावर येतेच. मग शेजारच्या खुर्चीवरून सल्ला येतो, "अरे, डोमेन ॲडमिनमध्ये टाक ना त्या अकाउंटला, नंतर काढू." टाकलं की काम भराभर पुढे सरकतं, सगळे चहाला जातात आणि ते "नंतर" काही उजाडत नाही. पाच वर्षांनी दुसरा कोणी त्या सर्व्हरला हात घालतो, तेव्हा त्याला दिसतं की वेबसाइटपासून बॅकअपपर्यंत सगळं एकाच खात्यावर चाललंय, ते खातं डोमेन ॲडमिन, म्हणजे कंपनीच्या सगळ्या मशीनांवर हुकूम चालणारं, आहे आणि त्याचा पासवर्ड बदलायची कोणाची छाती होत नाही. असे सर्व्हर मी पुष्कळ पाहिलेत. त्यातला एक तर मीच बसवलेला होता.

हा लेख पहिल्यांदाच असं काम अंगावर घेतलेल्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून शेअरपॉइंट सर्व्हर सबस्क्रिप्शन एडिशन आणि त्याच्या खालचा डेटाबेस, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर, घेतो. शेअरपॉइंट २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांना मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जुलै २०२६ पर्यंतच आहे, त्यामुळे नवी मांडणी करायची तर याच आवृत्तीवर करावी. शेअरपॉइंट नसून एखादी ईआरपी (कंपनीचे हिशेब आणि कारभार सांभाळणारी प्रणाली) बसवत असाल तरी एसक्यूएल, ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनांवर लागू होणारे डोमेनचे नियम) आणि पासवर्ड यांचे भाग जसेच्या तसे लागू पडतील.

खाती दोन जातींची

घर बांधताना गवंड्याला सगळीकडे मोकळीक असते. भिंत फोडायची, पाइप ओढायचा, गच्चीवर जायचं, कोणी अडवत नाही. घर झालं की मात्र किल्ली त्याच्या खिशात राहत नाही. रोज येणाऱ्या स्वयंपाकाच्या मावशींना स्वयंपाकघराची किल्ली कायमची दिलेली असते, कपाटाची नाही.

सर्व्हरचंही तसंच. सेटअप चालवणाऱ्या खात्यावर माणूस बसतो. त्याला मोठे हक्क लागतात, पण थोड्या वेळापुरते. सर्व्हिस ज्या खात्यावर रात्रंदिवस चालते त्यावर माणूस बसत नाही. त्याला कायमचे हक्क लागतात, पण थोडेच. नवखा माणूस ही दोन खाती एक करतो. मग मोठे हक्क कायमचे होऊन बसतात, आणि पुढची बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात.

यात नेमका धोका काय, तेही सांगतो. सर्व्हिस आपोआप सुरू व्हावी म्हणून विंडोज त्या खात्याचा पासवर्ड मशीनवरच साठवून ठेवतं. तो कूटबद्ध असतो हे खरं, पण त्या मशीनचा लोकल ॲडमिन तो बाहेर काढू शकतो. म्हणजे एखादी सर्व्हिस डोमेन ॲडमिनच्या खात्यावर चालवली, तर त्या एका सर्व्हरचा लोकल ॲडमिन असलेला प्रत्येक जण पाच मिनिटांत अख्ख्या डोमेनचा मालक होऊ शकतो. रात्रपाळीचा कंत्राटी मुलगाही त्यात आला.

दुसरं असं, की बाहेरून कोणी घुसलं तर त्याला हक्क मिळतात ते चालत्या सर्व्हिसच्या खात्याचे. मे २००२ मध्ये 'स्पायडा' नावाचा वर्म एसक्यूएल सर्व्हरांवर फिरत होता. 'एसए' या एसक्यूएलच्या मुख्य खात्याचा पासवर्ड कोरा ठेवलेले सर्व्हर तो शोधायचा, आत शिरायचा, गेस्ट खातं चालू करायचा आणि ते ॲडमिनिस्ट्रेटर्स गटात घालायचा. सर्व्हिसच मोठ्या हक्कांवर चालत असल्यामुळे हे त्याला जमायचं. ही जुनी गोष्ट झाली म्हणावं, तर जुलै २०२५ मध्ये कंपन्यांनी स्वतःच्या जागेत चालवलेल्या शेअरपॉइंट सर्व्हरांवर 'टूलशेल' या नावाने ओळखला गेलेला हल्ला झाला. त्यात हल्लेखोराचा कोड आयआयएसच्या (विंडोजच्या वेब सर्व्हरच्या) वर्कर प्रोसेसमध्ये चालत होता, म्हणजे ॲप्लिकेशन पूलच्या खात्यावर. ते खातं साधं असणं आणि डोमेन ॲडमिन असणं यात एक सर्व्हर गमावणं आणि अख्खी कंपनी गमावणं एवढा फरक आहे.

सीडी, आयएसओ काही उघडण्याआधी: यादी

सेटअप चालू करण्याच्या दोन दिवस आधी खात्यांची यादी करून ॲक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनमधल्या खात्यांची नोंदवही) सांभाळणाऱ्याकडे पाठवा. ऐनवेळी मागितलं की तोही वैतागून "घे, माझंच वापर" म्हणतो. माझी नेहमीची यादी अशी असते (नावं प्रत्यक्षात अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची): एसपी-इन्स्टॉल, एसपी-फार्म, एसपी-वेब, एसपी-सर्व्हिस, एसपी-क्रॉल आणि एसपी-प्रोफाइल. सहा झाली.

काही मार्गदर्शिकांत पंधरा-पंधरा खाती सुचवलेली असतात. प्रत्येक वेब ॲप्लिकेशनला वेगळं, प्रत्येक सर्व्हिस ॲप्लिकेशनला वेगळं. माझं मत विचाराल तर दोनशे-तीनशे माणसांच्या कंपनीत तो अतिरेक आहे. प्रत्येक वेगळा पूल वेगळी मेमरी खातो आणि प्रत्येक खात्याचा पासवर्ड कोणीतरी सांभाळावा लागतो. तो सांभाळणारा शेवटी सगळ्यांना एकच पासवर्ड ठेवतो, म्हणजे केलेलं सगळं मुसळ केरात. त्यापेक्षा सहाच ठेवा आणि सहाही नीट ठेवा.

नावाच्या बाबतीत एक अडचण आधीच सांगून ठेवतो. जुन्या पद्धतीचं लॉगिन नाव, ज्यात आधी डोमेन आणि मग तिरकी रेघ येते, ते वीस अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही. 'एसपी-प्रॉडक्शन-सर्चक्रॉल' अशा थाटाची नावं मध्येच तुटतात आणि मग तुटलेलं नाव कुठे टाकलं, अखंड कुठे टाकलं याचा घोळ होतो. खात्याच्या वर्णनात मात्र हवं तेवढं लिहा: हे कशासाठी आहे, कुठल्या सर्व्हरवर चालतं, विचारायचं कोणाला. तिथे माणसाचं नाव न लिहिता विभागाचं लिहा, कारण माणूस नोकरी सोडून जातो.

ही सहाही खाती जन्मतः साधी डोमेन युजर असतात. यादीत "डोमेन ॲडमिन" हा शब्द कुठेही येत नाही. आला तर काहीतरी चुकलंय.

घरी शिकण्यासाठी मांडणी करणाऱ्यांना एक सूचना. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती मिळते, त्यावर सराव करा. पण डोमेन कंट्रोलर (डोमेनची खाती सांभाळणारा सर्व्हर) आणि शेअरपॉइंट एकाच व्हर्च्युअल मशीनवर कोंबू नका. डोमेन कंट्रोलरवर लोकल खाती आणि लोकल गट नसतातच. तिथे एखाद्याला ॲडमिनिस्ट्रेटर्स गटात टाकलं की तो सबंध डोमेनवर ॲडमिन झाला. जो फरक शिकायचा आहे तो तिथे दिसतच नाही.

एसक्यूएल सर्व्हर

एसक्यूएल बसवणारा माणूस त्या मशीनचा लोकल ॲडमिन हवा. एवढंच पुरेल असं वाटतं आणि बहुतेक ठिकाणी पुरतंही. पण सेटअपला तीन युजर राइट्स लागतात: फाइलींचा बॅकअप घेण्याचा, प्रोग्राम डीबग करण्याचा आणि ऑडिट व सिक्युरिटी लॉग सांभाळण्याचा. हे तिन्ही ॲडमिनिस्ट्रेटर्स गटाला मुळातच असतात. मात्र सुरक्षेची फार काळजी घेणाऱ्या कंपन्या ग्रुप पॉलिसीने डीबगचा हक्क सगळ्यांकडून काढून घेतात. तसं असेल तर लोकल ॲडमिन असूनही सेटअप आधीच्या तपासणीतच थांबतं. तेव्हा त्या एका हक्काची, एका दिवसापुरती सूट मागा.

पुढे सेटअप विचारतं, एसक्यूएलचा ॲडमिनिस्ट्रेटर कोण? तिथे "करंट युजर जोडा" असं बटण असतं. नवखा माणूस ते दाबतो आणि पुढे जातो. त्यामुळे सिसॲडमिन हा सर्वोच्च रोल फक्त त्याच्या स्वतःच्या नावावर राहतो. एसक्यूएल सर्व्हर २००८ पासून मशीनचे लोकल ॲडमिन आपोआप सिसॲडमिन होत नाहीत, तेव्हा तो माणूस गेला की आत शिरायला कोणी उरत नाही. (सुटका आहे. सर्व्हिस बंद करून सिंगल युजर पद्धतीने सुरू केली तर लोकल ॲडमिन आत जाऊ शकतो. पण कामाच्या दिवशी ती वेळ येऊ नये.) तिथे डीबीए (डेटाबेस सांभाळणाऱ्या) लोकांचा एक डोमेन गट जोडा. 'एसए' खातं लागत नसेल तर मिक्स्ड मोड (ज्यात विंडोजच्या खात्यांखेरीज एसक्यूएलची स्वतःची लॉगिनंही चालतात) निवडूच नका.

आता एसक्यूएलची सर्व्हिस कोणत्या खात्यावर चालवायची? सेटअपच्या पडद्यावर 'एनटी सर्व्हिस'ने सुरू होणारं एक नाव आधीच भरलेलं असतं. हे व्हर्च्युअल खातं. याला पासवर्ड नाही, त्यामुळे तो संपणं नाही, चोरीला जाणं नाही. एकच सर्व्हर असेल तर हेच राहू द्या. नवख्यांना ते अर्धवट वाटतं आणि ते पुसून स्वतःचं खातं टाकतात. तसं करू नका.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, कारण यात सगळे फसतात. डेटाबेसचा बॅकअप घ्या असा हुकूम तुम्ही देता, पण फाइल लिहिते ती एसक्यूएलची सर्व्हिस, तिच्या स्वतःच्या खात्यावर. म्हणून ज्या शेअर्ड फोल्डरमध्ये तुम्ही मजेत फाइली टाकता, त्याच फोल्डरवर बॅकअप मात्र "ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड" म्हणून पडतो. व्हर्च्युअल खातं नेटवर्कवर जाताना कॉम्प्युटरच्या खात्याचं रूप घेतं, म्हणजे सर्व्हरचं नाव आणि शेवटी डॉलरचं चिन्ह. फोल्डरवर लिहिण्याची परवानगी द्यायची ती त्या नावाला, शेअरच्या आणि फाइल सिस्टिमच्या दोन्ही टॅबवर. मी पहिल्यांदा यात अख्खी दुपार घालवली होती, स्वतःलाच परत परत फुल कंट्रोल देत.

क्लस्टर असेल किंवा एकच खातं दोन-तीन सर्व्हरांवर हवं असेल तर ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट घ्या. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ही सोय आहे. पासवर्ड डोमेन कंट्रोलरच ठरवतो आणि एरवी दर ३० दिवसांनी बदलतो, तो कोणा माणसाला कळतच नाही. डोमेनमध्ये हे पहिल्यांदाच करत असाल तर आधी केडीएस रूट की (हे पासवर्ड ज्यावरून तयार होतात ती मूळ किल्ली) बनवावी लागते आणि ती वापरात यायला दहा तास जाऊ द्यावे लागतात. आदल्या संध्याकाळी करून ठेवा.

साधं डोमेन खातं वापरलंत तर एसपीएनची (सर्व्हिस प्रिन्सिपल नेमची) भानगड मागे लागते. केरबेरॉस या डोमेनच्या नेहमीच्या पद्धतीने ओळख पटवायची तर "या सर्व्हरवरची एसक्यूएल सर्व्हिस या खात्यावर चालते" अशी नोंद ॲक्टिव्ह डिरेक्टरीत लागते. व्हर्च्युअल खातं ही नोंद स्वतः करतं. साध्या डोमेन खात्याला तो हक्क नसतो, ती डोमेन ॲडमिनकडून करून घ्यावी लागते. नोंद नसेल तर सगळं गुपचूप एनटीएलएमवर, म्हणजे ओळख पटवण्याच्या जुन्या पद्धतीवर, चालत राहतं. त्रास होतो तो नोंद जुन्या खात्यावर राहिली तर. तेव्हा "एसएसपीआय कॉन्टेक्स्ट तयार करता येत नाही" अशा अर्थाची चूक येते आणि लोक फायरवॉल तपासत बसतात.

सर्व्हिसचं खातं नंतर बदलायचं झालं तर विंडोजच्या नेहमीच्या सर्व्हिसेस खिडकीतून बदलू नका, एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजरमधूनच बदला. रजिस्ट्री, फोल्डर आणि किल्ल्यांच्या मागच्या परवानग्या तोच हलवतो.

शेअरपॉइंट बसवणारं खातं

एसपी-इन्स्टॉलला दोनच ठिकाणी हक्क लागतात. जिथे जिथे शेअरपॉइंट बसणार त्या प्रत्येक सर्व्हरवर लोकल ॲडमिनिस्ट्रेटर्स गटात जागा, आणि एसक्यूएलमध्ये लॉगिन व त्याला दोन रोल: डीबी-क्रिएटर आणि सिक्युरिटी-ॲडमिन. बस्स. एसक्यूएलच्या मशीनवर ते लोकल ॲडमिन असण्याची गरज नाही.

पण थोडं पुढे गेलं की एक चूक येते: या एसक्यूएल इन्स्टन्सवर 'मॅक्स डिग्री ऑफ पॅरललिझम' (एक क्वेरी एका वेळी किती प्रोसेसरांवर वाटायची तो आकडा) १ नाही. शेअरपॉइंटला ती सेटिंग १ च लागते आणि ती बदलायला वरच्या दोन रोलांचा हक्क पुरत नाही. इथे हमखास कोणीतरी एसपी-इन्स्टॉलला सिसॲडमिन करून टाकतो. वास्तविक डीबीएने ती एक सेटिंग आधीच १ करून ठेवली की प्रश्न मिटतो. एररचा संदेश परवानगी मागतोय असं वाटलं, तरी पुष्कळदा त्याला हवं असतं ते कोणीतरी एकदा करून ठेवायचं काम. तुमच्या यादीत डीबीएसाठी ही ओळ लिहून ठेवा.

आणि दोनच रोल म्हणजे काही फार थोडं दिलं असंही समजू नका. सिक्युरिटी-ॲडमिन रोल असलेला माणूस दुसऱ्याला सर्व्हर पातळीवरचे हक्क देऊ शकतो. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं, की त्याला सिसॲडमिनच्या बरोबरीचा माना. म्हणूनच हे खातं रोज वापरायचं नाही.

बसवताना त्या सर्व्हरवर लॉगिन करायचं ते एसपी-इन्स्टॉल म्हणूनच. स्वतःच्या खात्यावरून "रन ॲज" करत बसू नका. आणि शेअरपॉइंट मॅनेजमेंट शेल उघडताना राइट क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" म्हणा. ते विसरलात तर "लोकल फार्म इज नॉट ॲक्सेसिबल" असा लांबलचक लाल मजकूर येतो आणि वाटतं की फार्मच (शेअरपॉइंटच्या सगळ्या सर्व्हरांची मिळून झालेली मांडणी) गेला. तो जागेवर असतो.

चालवणारी खाती

कॉन्फिगरेशन विझार्डमध्ये एका पडद्यावर "डेटाबेस ॲक्सेस अकाउंट" विचारतात. नाव फसवं आहे. इथे जे टाकाल तेच फार्म खातं होतं: सेंट्रल ॲडमिनिस्ट्रेशन (शेअरपॉइंटचं व्यवस्थापन करायची साइट) आणि टायमर सर्व्हिस (ठरल्या वेळची कामं करणारी) त्यावर चालतात. एसपी-फार्म टाका. एसक्यूएलमधले त्याचे हक्क विझार्ड स्वतः देतो, तुम्ही आधी काहीच द्यायचं नाही. याच विझार्डमध्ये एक पासफ्रेज मागतात, ती फार्म खात्याच्या पासवर्डपेक्षा वेगळी असते आणि पुढे नवा सर्व्हर जोडताना लागते. ती लिहून कंपनीच्या पासवर्ड तिजोरीत ठेवा.

एसपी-फार्मला सर्व्हरवर लोकल ॲडमिन करू नका. इंटरनेटवर शोधलंत तर "करावंच लागतं" असं सांगणारे खूप सापडतील. ते खोटं बोलत नाहीत. २०१० आणि २०१३ च्या आवृत्त्यांत युजर प्रोफाइल सिंक्रोनायझेशन सर्व्हिस सुरू करताना तेवढ्यापुरतं खरंच करावं लागायचं. २०१६ पासून ती सर्व्हिसच काढून टाकली. सल्ला मात्र मागे उरला.

विझार्ड संपला की सेंट्रल ॲडमिनिस्ट्रेशन उघडतं आणि लगेच दुसरा विझार्ड समोर करतं: "सगळं मी करून देतो." त्याला नको म्हणा. तो एकाच खात्यावर सगळ्या सर्व्हिस उभ्या करतो आणि डेटाबेसना लांबच लांब आकडी शेपट्या लावतो, ज्या नंतर बॅकअपच्या यादीत वाचताना डोळे दुखतात. त्याऐवजी सिक्युरिटी विभागात जाऊन एसपी-वेब आणि एसपी-सर्व्हिस ही दोन खाती "मॅनेज्ड अकाउंट" म्हणून नोंदवा. वेब ॲप्लिकेशनांचा पूल पहिल्यावर, सर्व्हिस ॲप्लिकेशनांचा पूल दुसऱ्यावर. मशीनवरचे आणि एसक्यूएलमधले त्यांना लागणारे हक्क शेअरपॉइंट देतो. 'डब्ल्यूएसएस'ने सुरू होणारे काही लोकल गट सर्व्हरवर तयार झालेले दिसतील, त्यात हाताने माणसं घालायची किंवा काढायची नाहीत.

एसपी-क्रॉल म्हणजे सर्चसाठी मजकूर वाचत फिरणारं खातं. फार्ममधल्या वेब ॲप्लिकेशनांवर त्याला फुल रीड आपोआप मिळतं. त्याला फार्म ॲडमिनिस्ट्रेटर केलं तर होतं काय, की अजून प्रसिद्ध न केलेले मसुदेही ते वाचतं आणि सर्चमध्ये आणतं. पगारवाढीच्या पत्राचा कच्चा मसुदा सर्चमध्ये दिसला, की त्यानंतर मेल कोणाकडून येते ते मी सांगायला नको.

एसपी-प्रोफाइलबद्दल जरा थांबून सांगतो, कारण सहा खात्यांत सगळ्यात जोखमीचं हेच. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून माणसांची नावं, पदं, फोन आणायचं याचं काम. त्यासाठी डोमेनवर "रेप्लिकेटिंग डिरेक्टरी चेंजेस" हा हक्क लागतो. डोमेनवर राइट क्लिक, डेलिगेट कंट्रोल, आणि तिथली लांब यादी. त्या यादीत लागूनच दुसरी ओळ असते: "रेप्लिकेटिंग डिरेक्टरी चेंजेस ऑल". फरक एका शब्दाचा. पण हे दोन्ही हक्क एकत्र ज्याच्या हाती आले, तो स्वतःला डोमेन कंट्रोलर भासवून डोमेनमधल्या प्रत्येक खात्याच्या पासवर्डचे हॅश (पासवर्डची साठवलेली सांकेतिक रूपं) मागून घेऊ शकतो. या चोरीला डीसीसिंक म्हणतात. "ऑल" म्हणजे जास्त चांगलं असेल, किंवा राहिलं असेल तर पुन्हा यायला नको, म्हणून दोन्हीवर टिक करणारे लोक मी पाहिलेत. ॲक्टिव्ह डिरेक्टरीवाल्याला मेल करताना "ऑल नको" असं स्पष्ट लिहा, आणि त्याने केल्यावर स्वतः बघून घ्या.

नव्वद मिनिटांनी बसणारा चिमटा

सगळं बसलं, चाललं, तुम्ही घरी गेलात. तीन आठवड्यांनी पॅचसाठी सर्व्हर रीस्टार्ट केला आणि अर्ध्या सर्व्हिस सुरूच झाल्या नाहीत, एरर १०६९, लॉगिन फसलं. पासवर्ड तर बरोबर आहे. मग झालं काय?

सर्व्हिस चालवणाऱ्या खात्याला त्या मशीनवर "लॉग ऑन ॲज अ सर्व्हिस" हा हक्क लागतो. सेटअप तो मशीनच्या लोकल पॉलिसीत लिहितं. पण डोमेनच्या ग्रुप पॉलिसीत हाच हक्क कोणी ठरवून ठेवला असेल, तर तिथली यादी लोकल यादीत मिसळत नाही, तिच्या जागी बसते. ग्रुप पॉलिसी साधारण नव्वद मिनिटांनी पुन्हा लागू होते, म्हणजे तुम्ही घरी पोचायच्या आतही हक्क गेलेला असू शकतो. चालू सर्व्हिसला काही होत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. ती पुन्हा सुरू करायची वेळ आली की मग कळतं.

म्हणून बसवण्याच्या आधीच विचारा: लॉग ऑन ॲज अ सर्व्हिस आणि लॉग ऑन ॲज अ बॅच जॉब, हे दोन हक्क आपल्या डोमेनमध्ये पॉलिसीने ठरवलेत का? ठरवले असतील तर आपली खाती त्या पॉलिसीतच घालून घ्या. व्हर्च्युअल खाती वापरत असाल तर 'एनटी सर्व्हिस'खालची सगळी खातीही त्या यादीत हवीत. बसवून झाल्यावर पॉलिसी मुद्दाम ताजी करा आणि त्याच संध्याकाळी सर्व्हर एकदा रीस्टार्ट करा. तीन आठवड्यांनी रात्री दोन वाजता कळण्यापेक्षा हे बरं.

पॉलिसीवाल्याशी बोलणं चालूच आहे तर उलट बाजूचंही मागून घ्या. चालवणाऱ्या खात्यांना सर्व्हरवर समोर बसून किंवा रिमोट डेस्कटॉपने लॉगिन करायला मनाई असावी. त्यावर माणूस बसत नाही असं आपण म्हटलंय ना, मग दारही बंद असू द्या. एसपी-इन्स्टॉल मात्र यात घालू नका, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल.

पासवर्ड

"पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स" वर टिक करायची का? मॅनेज्ड अकाउंट म्हणून नोंदवलेल्या खात्यांचा पासवर्ड शेअरपॉइंट स्वतः ठरलेल्या वेळी बदलू शकतो. ते जमत असेल तर उत्तम. पण अनेक ठिकाणी ते चालू केलेलं नसतं आणि डोमेनची पॉलिसी नव्वद दिवसांची असते. मग एक दिवस सकाळी सगळीकडे "५०३ सर्व्हिस अनअव्हेलेबल". तेव्हा दोनपैकी एक काहीतरी ठरवा: शेअरपॉइंटला बदलू द्या, किंवा तीस-एक अक्षरांचा पासवर्ड ठेवून तो संपू देऊ नका आणि वर्षातून एकदा तारीख ठरवून बदला. बदलताना ॲक्टिव्ह डिरेक्टरीत जाऊन थेट बदलू नका, सेंट्रल ॲडमिनिस्ट्रेशनमधून बदला, म्हणजे दोन्हीकडे एकदम बदलतो.

परवानगीची चूक आली तर

हात लगेच गटांच्या यादीकडे जाऊ देऊ नका. आधी शोधा: अडलं कोणतं खातं, कोणत्या मशीनवर, काय करताना. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाची नोंद बघा. त्यात खात्याचं नाव असतं आणि लॉगॉनचा प्रकार आकड्याने लिहिलेला असतो: ३ म्हणजे नेटवर्कवरून, ४ म्हणजे बॅच जॉब, ५ म्हणजे सर्व्हिस, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप. प्रकार ५ दिसला तर नव्वद मिनिटांचा चिमटा आठवा.

एसक्यूएलकडून १८४५६ आला तर पडद्यावरचा संदेश मुद्दाम मोघम ठेवलेला असतो, स्टेट नेहमी १ दिसते. खरी स्टेट एसक्यूएलच्या एरर लॉगमध्ये असते. ५ म्हणजे त्या नावाचं लॉगिनच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला. पुष्कळदा असं दिसतं, की ज्या खात्याला आपण तासभर हक्क देत होतो ते दारावर आलेलंच नव्हतं. आलं होतं दुसरंच.

आणि तरीही काही केल्या जमलं नाही, रात्रीचे अकरा वाजलेत, उद्या सकाळी सुरू व्हायलाच हवं, अशी वेळ येते. मी उपदेश करणार नाही, मलाही आली आहे. तेव्हा जो मोठा हक्क द्यायचा तो देताना गटातली ती जागा मुदतीची करून घ्या. फॉरेस्ट, म्हणजे तुमच्या डोमेनांचा सबंध समूह, विंडोज सर्व्हर २०१६ च्या पातळीवर असेल आणि ती सोय चालू केलेली असेल, तर गटात माणूस अमुक तासांपुरता घालता येतो, मुदत संपली की तो आपोआप बाहेर. ती सोय नसेल तर निदान दुसऱ्या दिवशी दुपारचा रिमाइंडर स्वतःच्या नाही, साहेबांच्या कॅलेंडरवर टाका.

बसवून झाल्यावरची संध्याकाळ

फार्म ॲडमिनिस्ट्रेटर्स गटात रोजच्या ॲडमिन लोकांचा डोमेन गट घातलाय ना, ते बघा. ज्यांना शेलमधून काम करायचं त्यांना शेल ॲडमिन म्हणून नोंदवा. एसक्यूएल एजंटच्या (ठरल्या वेळी डेटाबेसची कामं चालवणाऱ्या सर्व्हिसच्या) जॉबांचा मालक चुकून एसपी-इन्स्टॉल तर नाही ना, तेही बघा.

मग ॲक्टिव्ह डिरेक्टरीत जाऊन एसपी-इन्स्टॉल डिसेबल करा. डिलीट नाही, डिसेबल. आणि सगळे सर्व्हर क्रमाने रीस्टार्ट करा, आधी एसक्यूएल, मग शेअरपॉइंट. सेंट्रल ॲडमिनिस्ट्रेशन उघडलं, साइट उघडली, सर्च चाललं, रात्रीचा बॅकअप पडला नाही, तर गवंड्याची किल्ली खरंच परत आली. एखादी गोष्ट उठली नाही तर ती कोणाच्या खात्यावर चालत होती ते आता तुम्हाला ठाऊक आहे. खातं पुन्हा चालू करा, ती सर्व्हिस योग्य खात्यावर हलवा, परत डिसेबल करा, परत रीस्टार्ट.

शेअरपॉइंटचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. पॅच लावायच्या दिवशी एसपी-इन्स्टॉल चालू करायचं, नवा पासवर्ड द्यायचा, पॅच लावायचा, विझार्ड चालवायचा आणि खातं पुन्हा बंद करायचं. माझ्याकडे ही शेवटची ओळ चेकलिस्टमध्ये लाल पेनाने लिहिलेली आहे, कारण चौथ्या महिन्यात मी ती विसरलो होतो.